उजव्या हाताचा दोरा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोमवार, १६ जून २००३, नांदेड

काल आम्ही लेकीला, शिवकन्येला, लातूरला सोडून आलो. आज सकाळी सवयीने दोन डबे भरले. हे शिकवायला शाळेत निघाले तेव्हा एकच डबा उचलला, दुसरा ओट्यावर राहिला. दुपारी मीच जेवले तो, डब्यातूनच. ताट घ्यावंसं वाटलं नाही.

ही वही तिचीच, दहावीच्या भूमितीची. मागची पानं कोरी होती, टाकवेनात. घरखर्चाची वही वेगळी आहे, तिच्यात असलं लिहायची सोय नाही.

लातूरला आता गल्लोगल्ली क्लास. भिंतींवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, देवांपेक्षा मोठे. शिवू राहते ते घर तुळजाबाईंचं. आठ मुली, दोन खोल्या. बाईंनी नियम पाठ म्हणावेत तसे सांगितले: "फोन रविवारी चार ते पाच. भेट महिन्याच्या पैल्या रविवारी. लोणचं चालंल, रडणं चालायचं न्हाई." हे हसले. मला हसू आलं नाही.

निघताना शिवूने वाकून नमस्कार केला. उजव्या मनगटावरचा अनंताचा दोरा फिका पडला आहे. गणपतीत नवा बांधेन. तोपर्यंत आहे हा पुरेल.

हे म्हणाले, "दोनच वर्षं, इंदू. मग पोरगी डॉक्टर." बसमध्ये अहमदपूरपर्यंत हेच म्हणत होते. मला वाटतं स्वतःलाच सांगत होते.

रविवार, २९ जून

फोन आला. पाच मिनिटं. मी विचारलं जेवलीस का, तिने सांगितलं हाव. झोपलीस का, हाव. मग तीच म्हणाली, "आई, हनीफमामांकडं जाऊन ये ना. माझं पिस्तूल कोणाला देऊन टाकलं का तेवढं विचार."

मला वाटलं होतं घरचं काही विचारेल. तुळशीचं, नाहीतर मांजरीचं.

बुधवार, २ जुलै

आज गेले. जुन्या जिनिंगच्या गोदामात हनीफभाईंचा नेमबाजीचा क्लब चालतो. शिवू आठवीपासून जात होती, पण मी दाराच्या आत कधी गेले नव्हते. बंदुकीचं घर, आपल्याला काय कळतंय.

हनीफभाई पोलिसांत हत्यारं दुरुस्त करायचे, आता निवृत्त. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. एका कोपऱ्यात त्यांच्या बायकोची, हाजराबींची, शिलाईची मशीन. त्यांनी आधी चहा दिला, मग बोलणं.

"भाभी, पिस्तूल कपाटात हाय. किल्ली माझ्यापाशी. दुसऱ्याच्या हाती न्हाई दिलं."

हे पिस्तूल हवेचं असतं म्हणे, दारूगोळा नाही. शिशाची बारीक गोळी, हरभऱ्याहून लहान. दहा मीटरवर पुठ्ठ्याचं निशाण, मधला काळा गोल माझ्या वाटीच्या बुडाएवढा. एकाच हाताने धरायचं. दुसरा हात खिशात नाहीतर कमरेला. टेकू कशाचाच नाही.

"पोरं येतात, हात डुलतो," हनीफभाई म्हणाले. "चार-चार महिने डुलतो. तुमची पोरगी पैल्या दिवशी उभी राहिली अन् खांब. श्वास सोडती, थांबती, मग गोळी. मी विचारलं, बेटा हे थांबणं कोणी शिकवलं? गप्पच. तुम्ही शिकवलं?"

मी म्हटलं, नाही. सहा वर्षांची होती तेव्हापासून ती अशीच आहे, गप्प उभी राहते.

निघताना ते जरा अडखळले. "एक गोष्ट हाय भाभी. तो दोरा. क्लबात चालून जातं. पण स्पर्धेत ज्या हातात पिस्तूल, त्या हाताच्या मनगटाला काहीच नको. घड्याळ नको, कडं नको, धागा नको. टेकू मिळतो म्हणतात."

"दोऱ्याचा काय टेकू?"

"तेच तर. पण नियम हाय. डाव्या हाताला बांधला तर?"

मी म्हटलं, लग्न झालेल्या बाईचा डावा, कुवार पोरीचा उजवा. आमच्यात असंच आहे. आणि स्पर्धा आता कुठली, ती लातूरला आहे, दोन वर्षं.

हाजराबी मशीनवरून म्हणाल्या, "सोड की रे बाबा, आई हाय ती."

रविवार, २० जुलै

हनीफभाई घरी आले. डिसेंबरात विभागाची स्पर्धा आहे, पिस्तुलं तपासायच्या टेबलावर त्यांना माणूस हवा. म्हणाले, "भाभी, त्या दिवशी तुम्ही टेबलावरचं वजन उचललं अन् म्हणल्या, हे अर्धा किलोला थोडं कमी वाटतंय. मी तोलून पाहिलं. हूक झिजला होता, चार ग्रॅम कमी भरलं. मला तुमचाच हात पायजे."

मी नाहीच म्हणणार होते. मग त्यांनी सांगितलं, स्पर्धा लातूरला आहे.

मी हो म्हटलं.

हे पेपरमागून म्हणाले, "आज पिस्तूल तपास, उद्या रणगाडा चालव. भाजीला मात्र मीठ घाल आधी." खरंच विसरले होते.

शनिवार, १६ ऑगस्ट

नियम पाठ केले. हनीफभाईंनी स्वतः मराठीत उतरवलेली वही आहे, अक्षर सुरेख. पिस्तूल ठरलेल्या पेटीत मावलं पाहिजे, झाकण दाबायचं नाही. वजन दीड किलोच्या आत. चाप इतका हलका नको की फुंकरीने सुटेल. म्हणून पाचशे ग्रॅमचं वजन चापाला अडकवायचं, नळी सरळ वर, आणि टेबलावरून अलगद उचलायचं. चाप सुटला तर नापास. तीनदा संधी, चौथी नाही; मग चाप जड करून पुन्हा रांगेत. मग हात पाहायचा. बाही वर, मनगट मोकळं.

मला हे आवडलं. तराजूपुढे सगळे सारखे. हनीफभाई म्हणाले, "भाभी, टेबलावर बसलं की कोणाची बी ओळख न्हाई. माझा जावई आला तरी वजन तेच."

मी म्हटलं, तेच तर पाहिजे.

मंगळवार, ९ सप्टेंबर. अनंत चतुर्दशी

पहाटेच्या बसने लातूर. चौदा गाठींचा दोरा कुंकवात भिजवून, पूजा करून नेला. तुळजाबाई दारातच: "आज काय पैला रविवार हाय का?" मी दोरा दाखवला. त्यांनी बघितलं, मग बाजूला झाल्या. "धा मिन्टं."

शिवू वाळली आहे. गालाची हाडं दिसतात. जुना दोरा सोडायच्या आधी नवा बांधला, दरवर्षी असंच करते. मनगट एक क्षणही मोकळं राहू देत नाही. ती हात पुढे करून खिडकीबाहेर बघत होती.

तुळजाबाई मला बाहेर सोडताना म्हणाल्या, "लेक तुमची लई धार्मिक हाय हो. रोज पहाटे गच्चीवर जाती. पाण्यानं भरलेला तांब्या घेती, उजवा हात सरळ पुढं, अन् उभी. सूर्याला अर्घ्य देती. पण एक कळत न्हाई, पाणी वततच न्हाई! धरून धरून खाली ठिवती, परत उचलती. कुठलं व्रत हाय हे?"

मलाही माहीत नाही. पण बसमध्ये डोळे भरून आले. वाटलं, माझं काही गेलंच असेल तिच्यात तर देवाचं वेड गेलं. परदेशात टाकल्यासारखी पोर टाकली, तरी तिने नेम सोडला नाही. पाणी न ओतता अर्घ्य देण्याची रीत कुठे आहे ते भटजींना विचारीन.

मंगळवार, ३० सप्टेंबर

नवरात्राचा उपास. आज दहा वर्षं झाली.

लिहायचं नव्हतं. पण आज दुसरं काही सुचत नाही, म्हणून एकदाच लिहिते.

माझं माहेर किल्लारीपासून तीन कोसांवर. त्या साली गणपतीत आम्ही मायलेकी गेलो होतो. यांच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून मी विसर्जनाच्या आधीच परत निघाले. शिवू म्हणाली मी राहते आजीजवळ. सहा वर्षांची. मी म्हटलं रहा.

पहाटे जमीन हलली. आमचं घर दगडमातीचं, भिंती दोन-दोन हात रुंद. नांदेडला आम्हाला नुसतं भांडं वाजलं. आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गाव नव्हतंच. ढिगारा होता आणि माणसं हाताने उपसत होती. कुणीतरी ओरडलं, इथं लाल दिसतंय. मातीतून एवढासा हात वर आला होता आणि मनगटाला लाल दोरा. त्या दोऱ्यावरून तिला काढली. रडत नव्हती. डोळे उघडे, श्वास इतका बारीक की आधी कळलाच नाही. माझी आई तिच्यावर ओणवी होती. आई गेली होती. धाकटा भाऊही.

दोरा आईनेच आदल्या संध्याकाळी बांधला असणार. त्यानंतर मी तो कधी उतरू दिला नाही.

शिवू त्या दिवसाचं कधीच बोलत नाही. मीही विचारलं नाही. विसरली असेल, लहान होती.

रविवार, १२ ऑक्टोबर

फोन शिवूने नाही, तुळजाबाईंनी उचलला. "पोरगी बाहेर गेलीया. मामा आले होते, तुमचे भाऊ. दोन तासात आणून सोडतो म्हणले. भला माणूस हाय, पांढरी दाढी. मागच्या रविवारी बी आले होते."

मला आता भाऊ नाही. दुसऱ्या कुणा मुलीचं असेल, आठ पोरींत बाईंचा गोंधळ होतो. उगाच वाद नको म्हणून मी बरं म्हटलं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

दिवाळीला चार दिवस आली होती. आज सकाळी परत गेली.

घर भरलं होतं. तिने चकल्या मोडक्याच खाल्ल्या, लहानपणी खायची तशा. पहिल्या दिवशी न्हाऊ घातलं. पाठीला उटणं लावताना पाहिलं, उजवा खांदा डाव्यापेक्षा भरला आहे. दप्तराच्या ओझ्याने असेल.

दोन दिवस क्लबात गेली. दुसऱ्या दिवशी मीही गेले, तपासणीचा सराव करायला. तिला उभी राहिलेली प्रथमच पाहिली. पाय जरा फाकलेले, तोंड बाजूला, हात सरळ. हात वर गेला की आजूबाजूचं काही उरत नाही तिच्यासाठी. हाजराबी मशीन थांबवतात. टप्, एवढाच आवाज. मग तिचा चेहरा पाहिला. हा चेहरा मी एकदा पाहिलेला आहे. पण तेव्हा डोळ्यांत भीती होती, आता नव्हती. आता तिथे ती आपण होऊन गेली होती.

परत येताना म्हणाली, "आई, दोरा डाव्या हाताला बांधून दे ना."

"लग्न झाल्यावर बांध डाव्याला."

"मग सोडून दे."

मी रस्त्यातच थांबले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिने ऐकून घेतलं. संध्याकाळी वाती वळत बसले होते तेव्हा शेजारी येऊन बसली, तिनेही वळल्या चार. मग एक कागद पुढे केला. "क्लासचा हाय. पालकाची सही लागती. बाबांना कशाला, तूच कर."

सही केली. वाचला नाही. चष्मा आत होता.

(मी किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकते. चष्मा आणायला दोन पावलं जायचं होतं.)

रविवार, १६ नोव्हेंबर

पहिल्या चाचणीत तिचा नंबर एकशे बारावा आला. हे दिवसभर तो निकालच घेऊन बसले. संध्याकाळी म्हणाले, "लक्ष नाही तिचं. कुठे आहे लक्ष?" मला काय विचारता, मी तर पाच मिनिटांची आई आहे, रविवारच्या.

आता अंधार लवकर पडतो. दिवा लावताना देवाला म्हटलं, तिला डॉक्टर कर नाहीतर करू नको, पण घरी आण. मग घाबरले. असलं मागू नये. कसं आणशील ते कोणी सांगावं.

शनिवार, १३ डिसेंबर, लातूर

हनीफभाई, हाजराबी आणि मी आलो. मुक्काम हाजराबींच्या बहिणीकडे. माझ्यासाठी नवी चूल मांडून वेगळी भांडी काढली होती त्यांनी. मी म्हटलं कशाला, आहे त्यातच करा. खिचडी केली, दोघींनी मिळून.

उद्या स्पर्धा संपली की शिवूकडे जाईन. तुळजाबाईंना आधीच सांगून ठेवलं आहे. डब्यात बेसनाचे लाडू आहेत. किती तरी दिवसांनी सकाळ व्हायची वाट बघते आहे.

सोमवार, १५ डिसेंबर, नांदेड

कालचा दिवस नीट क्रमाने लिहिते.

साडेसातला टेबलावर बसले. पुढे पेटी, तराजू, वजन. मी आधी वजन तोललं, मग देवाचं नाव घेतलं. हनीफभाई शेजारी नोंद करत होते.

पहिला आला तो गुरुद्वाऱ्याजवळ राहणारा तरुण, नांदेडचाच. उजव्या हातात कडं. मी नियम सांगितला. त्याने कडं कपाळाला लावलं आणि डाव्या हातात चढवलं. "हे तर सोबतच हाय ना मावशी, ह्या हातात काय अन् त्या हातात काय." मी त्याचं नाव लिहून पुढे पाठवलं. पुढची एक नवी नवरी, हिरवा चुडा. तिने उजव्या हातातल्या बांगड्या एकेक काढून रुमालात बांधल्या. एकीने खळखळ केली, तिला मी म्हटलं, बाई, नियम सगळ्यांना सारखा.

मग एक भुजंग म्हणून गृहस्थ. किमती पिस्तूल, अंगात जाकीट. वजन उचललं, चाप सुटला. दुसऱ्यांदा सुटला. म्हणाले, "बाईंचा हात हलतो." मी तराजूवर हात ठेवून दाखवला, काटा जागचा हलला नाही. तिसऱ्यांदाही सुटला. ते म्हणाले, "स्वयंपाकघरातून उठून आल्या अन् आम्हाला नियम शिकवून राहिल्या." हनीफभाई उठू लागले. मी म्हटलं, बसा. आणि भुजंगांना म्हटलं, "भाऊ, त्या कोपऱ्यात स्क्रू पिळून घ्या. चाप जड करून आणा, मी पुन्हा रांगेत घेते. स्वयंपाकघरात पण असंच असतं, कच्चं असलं की परत चुलीवर." रांगेतले हसले. ते गेले, पण कोपऱ्यातून बघत राहिले.

"तेवीस," हनीफभाईंनी पुकारलं.

पुढ्यात पिस्तूल आलं. कपाटातलं, ओळखीचं. वर पाहिलं. शिवू.

पिस्तूल पेटीत ठेवलं, मावलं. तोललं, बसलं. चापाला वजन लावून उचललं, वजन हवेत राहिलं, चाप सुटला नाही. हे सगळं मी केलं, पण कुणी दुसरीच करते आहे असं वाटत होतं. पांढरी दाढी, दोन तास, गच्चीवरचा तांब्या, दिवाळीतला कागद, सगळं एकदमच समजलं.

हनीफभाई खाली बघून म्हणाले, "भाभी, गुन्हा माझा हाय. नंतर जे बोलायचं ते बोला. पण पोटची पोरगी, तुम्ही तपासू नये. उठा, मी बघतो."

मी उठले. त्यांनी शिवूला म्हटलं, "बाही वर कर बेटा."

तिने केली. दोरा, लाल. मीच बांधलेला.

हनीफभाईंना पुढे जा म्हणता येईना आणि दोरा काढ म्हणता येईना. कोपऱ्यातून भुजंग म्हणाले, "काय हो, आता?"

मला ठाऊक होतं, मी नुसती गप्प राहिले तरी झालं. शिवू माझ्या हातची गाठ माझ्याशिवाय सोडणार नाही, दहा वर्षांत तिने एकदाही सोडली नाही. ती नेमबाजी करणार नाही. दोरा राहील. पोर राहील. देवाला मी महिन्यापूर्वी जे मागितलं होतं तेही कदाचित होईल. यांना कळेल, हे तिला क्लासातून काढून घरी आणतील. सगळं माझ्या गप्प राहण्यात होतं.

शिवू म्हणाली, हळूच, मलाच ऐकू येईल असं, "आई, आजीचा तो पहिला दोरा माझ्यासाठी नव्हताच खरं म्हणजे. मामासाठी आणला होता. मी रडले, मला पण पायजे म्हणून. मग तिनं बांधला. म्हणाली, आता झोप, सकाळी उठली की मी सोडते."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा बोलली. आणि विसरली नव्हती.

"मी आत होते तेव्हा ती बोलत होती थोडा वेळ. हलू नको म्हणाली. बारीक श्वास घे म्हणाली. मी म्हटलं दोरा सोड, सकाळ झाली. ती म्हणाली, थांब, तुझी आई आली की सोडील."

हॉलमध्ये पंखे फिरत होते. हनीफभाईंनी पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली.

कात्री टेबलावरच होती. मी घेतली नाही. गाठ घट्ट बसली होती, नखाने सुटेना, दातांनी सोडवली. कुंकवाची चव लागली. तिच्या मनगटावर खाली पांढरा पट्टा होता, ऊन न लागलेला. मनगट एवढं बारीक असेल असं वाटलं नव्हतं. मी पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि हात सोडला.

"मनगट मोकळं," मी म्हटलं. "लिहा."

हनीफभाईंनी लिहिलं. त्यांचं अक्षर पहिल्यांदा वाकडं आलं.

"पुढचा," मी म्हटलं आणि खाली बसले.

तिचा गट साडेअकराला उभा राहिला. चाळीस गोळ्या. मी आत गेले नाही. भिंतीला टेकून बाहेर पायरीवर बसले, दोरा मुठीत. आतून वीस-पंचवीस जणांचे टप्-टप् एकात एक. तिची कुठली कळायला मार्ग नाही. मी सगळ्यांसाठीच जप केला, काय करणार.

तीनशे एकसष्ट. तिसरी आली. पहिल्या तिघांना राज्य स्पर्धेला पाठवतात. भुजंग आठवे. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "चाप आता बरा हाय, ताई." मी एक लाडू दिला.

उरलेले लाडू शिवूने रिक्षातच संपवले, सगळे. तुळजाबाईंकडे सोडलं. त्यांना मी खरं सांगितलं, भाऊ नव्हे ते, गुरू आहेत, आणि दर रविवारी येतील. त्या म्हणाल्या, "मग अर्घ्याचं काय ते?" शिवू हसली. किती महिन्यांनी. मी निघाले तेव्हा दारात उभी राहून तिने हात केला, उजवा. मोकळा हात लांबून वेगळाच दिसतो.

ती घरी आली नाही. लातूरलाच राहिली. मी एकटी आले, खिडकीशी बसून.

रात्री यांना सगळं सांगितलं. माझ्या सहीसकट. मी ताट वाढलं, हे हात धुऊन बसले, घास घेतला नाही.

"किती म्हणालीस?"

"तीनशे एकसष्ट."

"किती पैकी?"

"चारशे."

यांनी बोटाने ताटाच्या कडेला काहीतरी लिहिलं, फळ्यावर लिहितात तसं. "नव्वद टक्के. वर थोडं." मग भात कालवला. "दहावीला अठ्ठ्याऐंशीच होते." आणखी दोन घास झाल्यावर म्हणाले, "पुढच्या रविवारी फोन लागला की मला दे."

मंगळवार, १६ डिसेंबर

पहाटे उठून अंघोळ केली. दोरा देवापाशी ठेवला होता. विसर्जन करायचं मनात होतं, पण आज नाही. गोदावरी कुठे जात नाही.

गच्चीवर गेले. तांब्या काठोकाठ भरला, उजवा हात सरळ पुढे केला, डावा कमरेला. सूर्य अजून वर यायचा होता. श्वास सोडला, थांबले. मनात पंचवीसपर्यंत मोजलं आणि पाणी हललं, बोटांवरून खाली आलं.

शिवू किती मोजत असेल, या वेळी. तिच्या गच्चीवर.

पुन्हा भरून घेतला.